योकोहामांतील एक जीर्णोद्धार

मोटारींविषयीं मी कांहीं लिहावें हें ऐकून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस हंसूं येईल. चौतीस वर्षें मुलांस शब्दरूपें व समास शिकविण्यांत गेलीं. स्वतःचें वाहन म्हणाल तर एक सायकल, तीही आतां अंगणांत भिंतीस टेकून उभी. तथापि २०१९ च्या कार्तिकांत मला जपानास जाण्याचा योग आला. तेथील मंदिरें, उद्यानें व आगगाड्या यांचें वर्णन इतर पुष्कळांनीं केलेलें आहे. म्हणून तें सोडून एका मोडक्या मोटारीची हकीकत सांगण्याचें मी योजिलें आहे.

माझी धाकटी कन्या व जांवई योकोहामा येथें राहतात. जांवई संगणकाच्या कामावर आहेत. त्या वर्षीं श्रावणांत कन्येचा फोन आला. लहानपणीं गणितांत गुण कमी पडले म्हणजे ती ज्या सुरांत बोलत असे तोच सूर लागला होता. "नाना, पुण्यांत घर घेण्यासाठीं आम्ही पैसे सांठवीत होतों ना, त्यांतले यांनीं एका जुन्या मोटारीवर घातले. किती घातले तें नीट सांगत नाहींत. तुम्ही या आणि दोन शब्द सांगा." जांवयास उपदेश करणें हें सासऱ्याचें काम नव्हे, हें मी जाणून होतों. तरी तिकीट काढलें.

पहिल्याच रविवारीं जांवई मला ती गाडी दाखविण्यास घेऊन गेले. योकोहामाचें बंदर मागें टाकून आगगाडीनें पश्चिमेकडे निघालें म्हणजे तासाभरांत सागामी नदीचें खोरें लागतें. उंच इमारती सरतात. भाजीचे मळे, लहान लहान कारखाने आणि पानें गळून केवळ फळांनीं लगडलेलीं पर्सिमनचीं झाडें दिसूं लागतात. अशाच एका मळ्याच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. आंत सत्तरी उलटलेले एक कारागीर काम करीत होते. त्यांनीं कमरेंत वांकून नमस्कार केला; मींही हात जोडले. भाषेचा प्रश्न जांवयांनीं सोडविला.

गाडी पाहून माझी निराशा झाली. इंजिन नाहीं, दारें नाहींत, चाकें नाहींत. नुसता पत्र्याचा सांगाडा एका लोखंडी चौकटींत असा अडकविलेला, कीं हातानें ढकलतां तो कुशीवर वळावा. घरासाठीं ठेवलेला पैसा यांत गेला काय, असें मनांत आलें; पण पाहुण्यानें पहिल्या दिवशीं बोलूं नये म्हणून गप्प राहिलों.

ती गाडी १९७३ सालची निसानची फेअरलेडी झेड होती. पुढें त्या कारागिरांकडून व जांवयांकडून तिची जी कुळकथा समजली ती सांगण्याजोगी आहे. या गाड्यांचें परदेशांत प्रसिद्ध असलेलें नांव डॅटसन. देन, आओयामा व ताकेउचि या तीन गृहस्थांच्या आद्याक्षरांवरून 'डॅट' हें नांव पूर्वींच पडलें होतें. १९३१ सालीं एक लहान गाडी निघाली, तिला डॅटचा पुत्र म्हणून पुत्र या अर्थाचा इंग्रजी 'सन' शब्द जोडला. परंतु त्याचें स्पेलिंग जपानी लोक 'सोन' असें वाचीत, आणि जपानींत सोन म्हणजे तोटा! तेव्हां उच्चार तसाच ठेवून सूर्य या अर्थाच्या 'सन'चें स्पेलिंग घेतलें. एका अक्षरानें तोट्याचा सूर्य झाला. व्याकरण शिकविणाऱ्यास यापरता आनंद कोणता? पुढें १९३३ सालीं योकोहामांतच निसान कंपनीची स्थापना झाली. आपल्याकडेही २०१४ पासून २०२२ पर्यंत डॅटसन नांवाच्या लहान गाड्या विकल्या जात होत्या.

फेअरलेडी हें नांव 'माय फेअर लेडी' या संगीत नाटकावरून पडलें. कंपनीचे अध्यक्ष कावामाता यांनीं तें अमेरिकेंत पाहिलें व त्यांस तें फार आवडलें. १९६९ च्या अखेरीस झेड निघाली, तेव्हां अमेरिकेंतील निसानचा कारभार युताका काटायामा यांजकडे होता. स्त्रीवाचक नांवाची वेगवान गाडी अमेरिकन माणूस घेणार नाहीं असें त्यांचें मत होतें. म्हणून तेथें ती '२४०झेड' या नांवानें विकली गेली. तिची किंमत सुमारे साडेतीन हजार डॉलर होती. तशा वेगाच्या युरोपीय गाडीस त्याहून पुष्कळ अधिक मोजावे लागत. १९७८ पर्यंत या घाटाच्या पांच लक्षांहून अधिक गाड्या खपल्या. जपानी माल म्हणजे स्वस्त व हलका, अशी जी समजूत होती ती मोडण्यास ज्या वस्तु कारण झाल्या त्यांत हिची गणना होते. काटायामा १९०९ सालीं जन्मले आणि २०१५ सालीं, वयाच्या १०५ व्या वर्षीं वारले.

अशा गाड्या सांगाड्याच्या रूपांत नव्हे तर धडधाकट पाहाव्यात म्हणून जांवयांनीं मला झामा येथें नेलें. तेथील निसानच्या कारखान्यांत मोटारी बनविणें १९९५ सालीं बंद झालें. त्याच आवारांतील एका मोठ्या शेडमध्यें कंपनीनें आपल्या जुन्या गाड्या सांभाळून ठेवल्या आहेत. सुमारे तीनशे गाड्या ओळीनें उभ्या. एका झेडच्या पाठीवर '४३२' असा आंकडा होता. प्रत्येक सिलिंडरास चार व्हाल्व, कार्बुरेटर तीन आणि कॅमशाफ्ट दोन, असा त्याचा अर्थ. आमचे पूर्वज शकांचे आंकडे शब्दांत गुंफीत. यांनीं इंजिनाचें वर्णन आंकड्यांत गुंफलें.

जपानी वेगवान गाड्यांत हिच्या बरोबरीनें आणखी दोन नांवें घेतात, तीं दोन्ही १९६७ सालचीं. एक टोयोटाची २००० जीटी. ती यामाहाच्या साह्यानें केली, आणि पियानो करणाऱ्या त्या घराण्याच्या लांकूडकामाची कला तिच्या दर्शनी फळीवर उमटली. ती साडेतीनशेंच्या आसपासच झाली. २०१३ सालीं अमेरिकेंत एकीस दहा लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. दुसरी हिरोशिमाच्या माझ्दाची कॉस्मो. हिच्या इंजिनांत दट्ट्या वरखालीं होत नाहीं, तर त्रिकोणी चक्र फिरतें. त्यांच्या मागून आलेल्या गाड्यांचीही किंमत अलीकडे चढली आहे. अमेरिकेंत पंचवीस वर्षें पुरीं झालेली गाडी तेथील नव्या नियमांचें बंधन न पडतां आणतां येते. १९८९ ची स्कायलाइन जीटी-आर २०१४ पासून अशी जाऊं लागली, आणि जपानांतील चांगला माल जहाजांवर चढूं लागला. जेथें मागणी अशी वाढते तेथें लबाडीसही वाव मिळतो.

झामाहून परततांना आम्ही नदीच्या बांधावरून चालत होतों. समोर तांझावाचे डोंगर निळे दिसत होते. जांवई म्हणाले, "नाना, एक सांगतों, घरीं बोलूं नका."

हकीकत अशी. त्यांनीं गाडी घेतली ती मोडकी नव्हती. एका व्यापाऱ्याकडे ती लाल रंगानें झळकत उभी होती. 'संपूर्ण जीर्णोद्धार केलेली' अशी तिची जाहिरात होती. पांच महिने ती चालली. मग ज्येष्ठाच्या पावसांत पायांखालीं ओल आली. गालिचा उचलून तळ दाबला तों अंगठा आरपार गेला. त्यांनीं गाडी या वृद्ध कारागिरांकडे आणली. त्यांनीं खिशांतून लहानसें लोहचुंबक काढून तें दारांखालच्या उंबरठ्यावरून फिरविलें. तें कोठें चिकटे, कोठें गळून पडे. जेथें गळून पडे तेथें पत्रा नव्हताच. रंगारी ज्याला लांबी म्हणतात तो लगदा भरून, घांसून, वर रंग दिलेला होता. 'आहे त्या स्थितींत' असें लिहिलेल्या कागदावर सही झालेली असल्यामुळें व्यापाऱ्याकडून कांहीं मिळण्यासारखें नव्हतें. गाडीची किंमत कन्येस ठाऊक होती. दुरुस्तीस जवळजवळ तेवढेच पुन्हां लागणार, हें ठाऊक नव्हतें.

मी विचारलें, "विकत घेतांना हें कळण्याचा मार्ग नव्हता काय?"

मार्ग होता. जपानांत जुन्या गाड्यांचे मोठे लिलाव चालतात आणि तेथें प्रत्येक गाडीचें परीक्षण होऊन एक गुणपत्रक तयार होतें. त्यावर गाडीची आकृति असून तिच्या अंगावर अक्षरें लिहितात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजानें खाल्लेला पत्रा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीची लाट. अपघातांतून उठलेल्या गाडीस अंकांऐवजीं आर ही श्रेणी मिळते. जांवयांची गाडी असल्या परीक्षेस बसलेलीच नव्हती. दुसरा मार्ग डोळ्यांचा. या झेडला निराळी चासी नाहीं. पत्र्याच्याच पोकळ पेट्या जोडून अंग केलेलें आहे. त्या काळीं पत्र्यास गंजापासून राखणारे लेप फारसे देत नसत. कांचेखालच्या पन्हळींत पानें साचलीं कीं पाणी आंत तुंबतें, आणि पोकळ पेटी आंतून गंजते. म्हणून घेणाऱ्यानें रंग पाहूं नये. बॅटरीखालचा पत्रा, पायांखालचा तळ, दारांखालचे उंबरठे, मागच्या चाकापुढचा कोपरा व मागच्या झांकणाची कड, एवढ्या जागा गुडघे टेकून पाहाव्यात. इंजिन बिघडलें तर दुसरें मिळतें. पत्रा गेला तर गाडी गेली.

"तुम्ही घरीं सांगा," मी म्हणालों. "मी होऊन बोलणार नाहीं, पण तिनें विचारलें तर खोटेंही सांगणार नाहीं." ते कांहीं बोलले नाहींत.

चौथ्या दिवशीं रात्रीं त्यांनीं सांगितलें. मी आंतल्या खोलींत होतों. आवाज चढल्याचें ऐकूं आलें नाहीं, त्याचीच मला अधिक काळजी वाटली. दोन दिवस घरांत कामापुरतें बोलणें झालें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं कन्येनें चहाचे पेले ठेवीत म्हटलें, "मला ती गाडी बघायची आहे."

त्या दिवशीं शेडमध्यें वेल्डिंग चालू होतें. कारागिरांनीं तें थांबवून तिला एक एक गोष्ट दाखविली. काढलेला प्रत्येक नट व स्क्रू निरनिराळ्या पिशवींत असून पिशवीवर तो कोठला हें लिहिलेलें होतें. रंग व लांबी पूर्ण खरवडून पत्रा उघडा केला होता. जेथें गंज होता तेथें तो निरोगी धातु लागेपर्यंत कापावयाचा, नव्या पत्र्याचा तुकडा त्याच आकारास ठोकून जोडावयाचा, आणि पेट्यांच्या पोकळींत शेवटीं मेण फवारावयाचें, असा क्रम होता. कन्येनें विचारलें, "इतकें कापलें, मग जुनी गाडी राहिली कुठें?"

मला मिलिंदप्रश्नांतील रथ आठवला. नागसेनानें मिलिंद राजास विचारलें होतें, कीं आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय. आणि राजास प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागलें. कारागिरांनीं मात्र उत्तर दिलें. इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्याच्या भिंतीवर ठोकलेला नंबर त्यांनीं बोटानें दाखविला. सरकारदरबारीं गाडी म्हणजे हा नंबर. मग थोडें थांबून ते म्हणाले, "नवें करणें सोपें आहे. जुनें ठेवणें कठीण. जें राहूं शकतें तें मी काढीत नाहीं."

याच देशांत ईसे येथील देवालय दर वीस वर्षांनीं शेजारच्या जागेवर नवें बांधतात. शेवटचें २०१३ सालीं बांधलें, तें बासष्टावें. आणि याच देशांत नाराजवळ होर्यूजीचें लांकडी मंदिर तेराशें वर्षांहून अधिक काळ जुन्या तुळयांवर उभें आहे; कुजला तेवढाच भाग बदलीत आले. दोन्ही पद्धति प्रामाणिक आहेत, कारण दोहोंत काय नवें आणि काय जुनें हें कोणापासून लपविलेलें नसतें. त्या व्यापाऱ्याचें काम यांपैकीं कोठेंच बसत नव्हतें.

कन्येनें विचारलें, काम केव्हां संपेल? कारागीर म्हणाले, उघडल्यावांचून आंत काय आहे तें कळत नाहीं. आणि खर्चाची वही तिच्यापुढें ठेवली. परततांना आगगाडींत तिनें निर्णय सांगितला. दरमहा ठराविक रक्कम गाडीस, त्यावर एक येनही नाहीं. घराचा सांठा निराळा, आणि दोन्ही हिशेब तिच्या हातीं. जांवयांनीं मान डोलावली. मला जे दोन शब्द सांगावयाचे होते ते सांगण्याची वेळ आलीच नाहीं.

मी परत आलों. मग महासाथीनें जाणेंयेणें बंद झालें. मधून मधून फोनवर छायाचित्रें येत. २०२१ च्या हिंवाळ्यांत गाडीस चाकें लागलीं आणि ती सरकारी परीक्षेंत उतरली. या परीक्षेस तेथें शाकेन म्हणतात. नव्या खाजगी मोटारीस ती तीन वर्षांनीं, पुढें दर दोन वर्षांनीं द्यावी लागते. शिवाय तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीस वार्षिक कर सुमारे पंधरा टक्के अधिक पडतो. जुनी वस्तु सांभाळणारास बक्षीस नाहीं, दंड आहे, असें जांवई हंसत म्हणाले.

२०२३ च्या मार्गशीर्षांत पुन्हां जाणें झालें, तेव्हां ती सांभाळण्याची विद्या मीं डोळ्यांनीं पाहिली. रविवारीं सकाळीं ते इंजिनाचें झांकण उघडून बसत. दोन लिटरांचें तें सहा सिलिंडरांचें इंजिन. खालचा भाग बिडाचा, माथा अल्युमिनियमचा. व्हाल्वच्या टोकाशीं केसाएवढी फट राहावी लागते. इंजिन गरम असतां आंत घेणाऱ्या व्हाल्वला पाव मिलिमीटर, बाहेर सोडणाऱ्यास त्याहून किंचित् अधिक. ती पोलादी पातळ पट्ट्यांनीं मोजतात. पट्टी ना सैल, ना घट्ट, जराशी ओढून निघाली पाहिजे. कार्बुरेटर दोन, दोघांनीं सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठीं रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें कार्बुरेटरच्या तोंडाशीं धरून फुत्कार ऐकावयाचा, आणि दोन्हींचे आवाज जुळेपर्यंत स्क्रू फिरवावयाचा. तंबोरा लावणाऱ्यास हें सांगावें लागणार नाहीं. तेल व इंजिनांतील पाणी वेळेवर बदलावें, गाडी महिनोन् महिने उभी ठेवूं नये, पावसांत भिजल्यास पुसून वाळवावी, कांचेखालचीं पानें दर आठवड्यास काढावींत; बाकीचें नशीब. सुट्या भागांची अडचण मात्र पूर्वीं इतकी राहिली नाहीं. होंडानें एनएसएक्स गाड्यांस नवी उमेद देण्याचें काम १९९३ मध्येंच सुरू केलें. माझ्दानें २०१७ पासून पहिल्या रोडस्टरचा जीर्णोद्धार स्वतः हातीं घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून निसान जुन्या जीटी-आरचे, आणि २०२० पासून टोयोटा सुप्रा व २००० जीटीचे कांहीं भाग पुन्हां करूं लागली.

एके दिवशीं त्यांनीं मला गाडींत बसविलें. बैठका दोनच, कन्या घरीं राहिली. बैठक इतकी खालीं, कीं पाटावर बसून प्रवास करावा तसें वाटलें. कामाकुराकडून एनोशिमाकडे जाणारा रस्ता समुद्राच्या कडेनें जातो. हवा थंड व स्वच्छ होती. वळण घेतांच सागामीच्या उपसागरापलीकडे फुजी पर्वत पांढरा उभा राहिला. जांवयांनीं गाडी कडेस लावली. रंग या वेळीं लाल नव्हता. १९७३ सालीं कारखान्यांतून निघतांना होता तोच पांढरा. मी खालीं उतरून गुडघा टेकला व उंबरठ्याखालून हात फिरविला. "नाना, लोहचुंबक देऊं का?" जांवयांनीं विचारलें, आणि आम्ही दोघेही हंसलों.

पुण्यांतील घर अद्याप झालेलें नाहीं. कन्येच्या वहींत दोन रकाने चालू आहेत. गाडीचा रकाना लहान झाला आहे, संपलेला नाहीं. तो संपणाराही नाहीं हें तिनें ओळखलें आहे. या सगळ्यांत शहाणपणा किती हा प्रश्न मला अजून सुटलेला नाहीं. पण लपविलेला खर्च उघड झाल्यापासून ती गाडी घरची झाली, एवढें मीं पाहिलें.

आतां माझ्याच संबंधाचें एक सांगून पुरें करतों. १९९८ सालीं मीं आमचें गांवचें घर विकलें. त्याची मागील भिंत दर पावसाळ्यांत खालून ओली होई. चैत्रांत तिला गिलावा करून चुना दिला आणि वैशाखांत घर विकलें. घेणाऱ्यानें विचारलें नाहीं, मीं सांगितलें नाहीं. पुढच्या आषाढांत ओल वर आली असलीच पाहिजे. पण तो भला गृहस्थ वाटेंत भेटला कीं नमस्कारच करी. पंचवीस वर्षें मीं या गोष्टीस व्यवहार म्हणत होतों. त्या व्यापाऱ्याच्या कृत्याचें नांव मला चटकन् सुचलें, पण स्वतःच्या कृत्यास तेंच नांव देण्यास समुद्रापलीकडून परत यावें लागलें.

परत आल्यावर मी गांवीं गेलों. तो गृहस्थ वारला होता. त्याच्या मुलास ओटीवर बसून सर्व सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाला, "मास्तर, ती भिंत आम्ही केव्हांच पाडली. आंत या, नवी बघा." मी आंत गेलों व भिंत पाहिली. ती चांगली बांधली होती.